सहाव्या घराचं नाव

वैदेही आमच्या कचेरीत आली तेव्हा ती महिनाभरही टिकेल असं मला वाटलं नव्हतं. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. तारेतून जे जातं त्यावर माझा विश्वास. हवेतून येणाऱ्या इंटरनेटवर अजूनही नाही. तरी निवृत्तीनंतर क्रांती चौकाजवळच्या या छोट्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायला बसलो, कारण दिवसभर घरात बसलो असतो तर बायकोनं मला हाकललं असतं. कंपनी आसपासच्या गावांना टॉवरवरून वायरलेस ब्रॉडबँड देते. वैदेही शेजारच्या खुर्चीत बसून माझंच काम करायची. फरक एवढाच, की फोन ठेवला की मी पेपर उघडायचो आणि ती विचारायची, ‘‘पण काका, हे बंद का पडतं?’’

माहेर सिल्लोडकडचं, शेतकरी घर. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेला. त्या कागदावर तिचं नाव रूपा. लग्नात नवऱ्यानं, म्हणजे बद्रीनाथनं, ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘वैदेही’ असं लिहिलं आणि रूपा तिथंच संपली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत.

‘‘नाव वाईट नाय काका. पण मला कुणी विचारलंच नाय. सासूनं ठरवलं आन् ताट पुढं आलं.’’

चौदा वर्षं झाली होती, तरी आवाजाला धार होती. मी नुसतं ‘हं’ म्हणालो. माझ्या बायकोचं नावही आम्ही असंच बदललेलं आहे, आणि तिला काय वाटलं हे मी आजवर विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी आमचे मालक विश्वजित सर यांनी ठरवलं, की भाड्याचा सर्व्हर सोडायचा आणि कंपनीचा स्वतःचा ऑथेंटिकेशन सर्व्हर बसवायचा. म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख पटवून त्याला आत सोडणारा. तो बसवून द्यायला पुण्याच्या एका माणसाशी बोलणंही झालं होतं. तेवढ्यात वैदेही उठून म्हणाली, ‘‘सर, मी करते.’’ घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर वर्षभर ती हेच शिकत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. सर आधी हसले. मग म्हणाले, ‘‘सहा गावांतली सहा घरं घ्या. शनिवारी पाचपर्यंत सहाच्या सहा चालू पाहिजेत. एक जरी राहिलं तर सोमवारी पुण्याचा माणूस येईल, आणि तुम्ही परत फोनवर.’’

फोनवर म्हणजे माझ्या शेजारी. मला ते बरंच वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? पण पोरीचा चेहरा बघून मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या.

हे काम काय असतं ते तिनं मला समजावलं होतं. हवेतून जाणारं सगळं कुलूपबंद असतं, पण त्याची किल्ली हवेतून कधीच पाठवत नाहीत, कुणी वाटेत उचलली तर? म्हणून इकडं सर्व्हर आणि तिकडं घरातला राउटर, दोघंही आपापल्या जागी किल्ली तयार करतात. तोच पासवर्ड, तेच नाव, तीच आकडेमोड. ‘‘दोन जावांनी दोन चुलींवर एकाच मापानं वरण केल्यासारखं,’’ ती म्हणाली. ‘‘चव एक लागली तर दार उघडतं. एक अक्षर चुकलं की झालं.’’ राउटर बाहेर फक्त आपला नंबर सांगतो. नाव आतच ठेवतो आणि किल्लीत मिसळतो. बसवणाऱ्या पोरांनी घरच्यांना विचारून जे नाव घातलं असेल, तेच सर्व्हरमध्येही हवं.

जुन्या सर्व्हरवाल्यांनी नावांची यादी दिली नाही. मग वैदेहीनं घरोघरी फोन करून विचारलं, ‘‘राउटर बसवताना कुणाचं नाव सांगितलं होतं?’’ एका ठिकाणी धोंडिबा या आजोबांचं निघालं, एका ठिकाणी पाळण्यातल्या नातीचं. शुक्रवारपर्यंत पाच घरं चालू झाली.

सहावं घर चितेगावचं, तिच्याच सासरचं. लेकीच्या शाळेसाठी ती आणि बद्रीनाथ शहरात राहतात. गावाकडं सासू, गीताबाई, एकटी असते. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या घरी कनेक्शनं दिली, तेव्हाचा तो राउटर.

ते घर काही केल्या उघडेना. दर वेळी पडद्यावर तेच: नंबर ओळखला, किल्ली जुळत नाही. शनिवारी दुपारी तिला वाटलं, सर्व्हरच्या आकडेमोडीतच खोट आहे. तिनं ती बदलली. चितेगाव उघडलं नाहीच, उलट चालू असलेली पाचही घरं धाडकन बंद पडली. मग माझे फोन वाजायला लागले आणि पाच गावांच्या शिव्या मी खाल्ल्या. तिनं सगळं पूर्ववत केलं तोवर चार वाजले होते. ती कपाळाला हात लावून बसली.

‘‘जाऊ द्या काका. फोनवरच बरी मी.’’

मला राग आला. तिचा नाही, त्या वाक्याचा. टेबलावर तिची वही उघडी होती. पाच घरांपुढं नाव, कुणी सांगितलं आणि कधी, सगळं नीट लिहिलेलं. सहाव्यापुढं नुसतं ‘वैदेही’.

‘‘हे कुणी सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘त्याला काय विचारायचं? घरचंच हाय. मी ट्रेनिंगला होते तेव्हा बसवलं. कनेक्शन माझं, घरात माझं नाव वैदेही.’’

‘‘म्हणजे विचारलं नाहीस.’’

‘‘काका...’’

‘‘काखेत कळसा आणि गावाला वळसा! लाव फोन.’’

मी इतका ओरडलो, की सर केबिनमधून बाहेर आले. वैदेहीनं फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. सासूला ती आत्याबाई म्हणते.

‘‘आत्याबाई, ते नेटचं बसवलं तवा पोरांनी नाव इचारलं होतं का?’’

‘‘व्हय. म्याच सांगितलं,’’ पलीकडून गीताबाई म्हणाल्या.

‘‘कुणाचं?’’

‘‘तुझंच की. रूपा.’’

वैदेही फोनकडं बघत राहिली. चौदा वर्षांत सासूच्या तोंडून ते नाव तिनं ऐकलं नव्हतं. मग तिनं ‘वैदेही’ खोडून चार इंग्रजी अक्षरं टाइप केली. आम्ही तिघंही पडद्याकडं बघत होतो. किल्ली जुळली. चितेगाव उघडलं.

‘‘सहाच्या सहा,’’ सर म्हणाले. ‘‘पुण्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवतो. सोमवारपासून सगळी गावं तुमच्याकडं.’’

एरवी ती टुणकन उडाली असती. पण फोन अजून चालूच होता.

‘‘आत्याबाई, रूपा का सांगितलं?’’

‘‘ती पोरं म्हनली, नेट कुनाचं? म्या म्हनलं, सुनंच्या नोकरीचं. आन् नोकरी तू रूपा म्हनून शिकलीस त्याच्यावर लागली. वैदेही आमी ठेवलेलं. शिकनं तुझ्या बापानं केलेलं, त्याच्यावर आमचं नाव कसं टाकू? चुकलं का काय माझं?’’

‘‘नाय,’’ वैदेही म्हणाली. डोळे पुसून ती माझ्याकडं वळली. ‘‘मला कुणी विचारलं नाय म्हणून चौदा वर्षं रडले काका. मी तरी कुठं विचारलं?’’

मग फोन तसाच टेबलावर ठेवून तिनं विचारलं, ‘‘आत्याबाई, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?’’

 

‘‘दगडा,’’ गीताबाई म्हणाल्या. ‘‘माझ्या आधीची दोघं गेली, म्हनून दगडा ठेवलं. सासरी लाज वाटली त्यांना, मंग गीता केलं. पन जगले की मी त्या नावानं. लई दिसांनी कुनी इचारलं, बाई.’’

सर खाली मान घालून केबिनमध्ये गेले. तक्रारीचा फोन वाजत होता, तो मी वाजू दिला, आणि खिशातून मोबाइल काढून घरी बायकोला लावला.