नत्थूजींची भद्रा

कामरगावच्या नत्थूजींना पंचांग वाचता येत नसे. पण १९५४ साली मंगरूळपीरच्या जोशीबुवांनी त्यांना समजावलं, की तिथीच्या अर्ध्या भागाला करण म्हणतात, आणि विष्टी नावाचं करण आलं की भद्रा लागते. भद्रेत नवं काम काढू नये.

नत्थूजींना हे फार आवडलं. गोठा शाकारायचा म्हटलं की भद्रा, शेतात पिकाची डवरणी निघाली की भद्रा. बायकोनं, रंगूबाईनं, माहेरी जायचं काढलं तर हमखास भद्रा.

एका सकाळी ती बोचकं बांधून उभी राहिली.

"आज भद्रा हाय," नत्थूजी बाजेवरूनच म्हणाले.

रंगूबाईनं बोचकं खाली ठेवलं आणि चुलीपुढं नुसती बसून राहिली. ऊन चढलं तरी घरातून धूर निघेना.

"काहून वं, भाकरी नाई करत?"

"भद्रा हाय ना जी. चूल कशी पेटवू?"

"अवं, सैपाक रोजचाच. तो काय नवा हाय?"

"मंग माहेर कुठं नवं हाय? मी तं तिथंच जलमली!"

नत्थूजींच्या पोटात कावळे ओरडत होते.

"भद्रा अर्ध्याच तिथीची राह्यते," ते शेवटी म्हणाले. "सरली असंन आता. तू भाकरी टाक, मी गाडी जुंपतो."

संध्याकाळी सासूनं तुपात बुडवलेले रोडगे वाढले. तिसरा रोडगा खाताना नत्थूजी रंगूबाईला हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यातबी येऊ वं."