दोन शिडांची होडी

आधी ते डोळे मिटायचे. मग मान हळूहळू फिरवायचे आणि दोन्ही कानांना वारा सारखा लागला की थांबायचे. "हं. समोर हाय." रिठदकडच्या आमच्या धरणावर वाऱ्याची दिशा अशी कानांनी पाहणारा दुसरा माणूस तुम्हाला सापडला नसता.

नौदलात उमेदीची वर्षं घालवून ते गावी परतले आणि दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडून त्यांनी एक होडी केली. दोन्हींवर वेगळी डोलकाठी, वेगळं शीड. ते राहायचे भीमनगरात. "भीमनगरात जहाज आलं," म्हणून लोक हसले. हसणाऱ्यांनाच त्यांनी आधी फिरवून आणलं.

मी धरणावर पाण्याची पातळी आणि वाऱ्याचा वेग वहीत नोंदवायचो. मलाही त्यांनी शिकवलं. "वाऱ्याच्या तोंडातून होडी वळवाची ना भाऊ, त पयले पळू द्याची. हलकी असते थे. मधात अडकली का मांगं सरते."

"मग?"

"मंग घाबराचं नाई. एक शीड सैल सोडाचं, दुसरं वाऱ्यात उलटं धराचं. थेच तोंड फिरवते. अन् मांगं जातानी सुकाणूबी उलटं चालते, हे इसराचं नाई." वळताना मात्र ओरडायचे, "बसून राहा!" बायकोलाही सूट नव्हती.

धरणावर पर्यटन केंद्राचं उद्घाटन ठरलं. सकाळचे पाहुणे दुपारी आले. तोवर मंडपाचं कापड फाटण्याइतका वारा चढला होता. पाहुण्यांना होडीतून फेरी हवी होती. हे म्हणाले, "आज नाई. पाणी खवळून राह्यलं."

माझे साहेब हसले. "फोटोपुरतं न्या हो. एरवी नौदलाची एवढी ऐट सांगता!"

यांनी माझ्याकडं पाहिलं. वाऱ्याचा वेग मी नुकताच वहीत लिहिला होता. मी वही मिटून काखेत धरली.

परतीच्या वळणावर होडी ऐन वाऱ्याच्या तोंडात आली, तेव्हाच पाहुणे फोटोसाठी उभे राहिले. तोल जाऊन त्यांच्या सोबत्यानं सुकाणूच धरलं. होडी थबकली, मागं सरू लागली. यांनी एक शीड सोडलं, दुसरं उलटं धरलं. पण घाबरलेला तो माणूस सुकाणू सोडेना. "सोडा! सोडा ना!" आम्हाला काठावर ऐकू येत होतं. होडी बांधाच्या दगडांवर आदळली. पाहुण्यांचा कुर्ता भिजला. यांचा हात मध्ये सापडला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पंचनाम्यात 'चालकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून सही माझी.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. चहा आला.

"भाऊ, वाऱ्याचा आकडा लिव्हला काय त्याच्यात?"

"नाही."

"तुमच्या वहीत त व्हता."

"होता."

"घ्या, चहा थंडा होऊन राह्यला," ते म्हणाले. त्यानंतर माझ्याशी ते कधी बोलले नाहीत.

पुढं लेकीकडं नागपूरला गेले आणि तिथंच वारले. मला कळलं ते रिठदच्या स्टँडवरच्या फलकावरून. नौदलाच्या गणवेशातला फोटो, कपाळाशी सलाम, पाचही बोटं सरळ. खाली शोकाकुल मित्रांच्या यादीत, कुणी छापलं कोण जाणे, माझंही नाव होतं.

बस आली. मी चढलो.