कुलपाला घातलेला हार

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारणं द्यायला लागलो की मी मूळ गोष्टीपासून पळतो.

संदीप आणि मी कॉलेजपासूनचे मित्र. तो विठ्ठलवाडीचा, मी डोंबिवलीचा. तो ड्रम वाजवायचा, मी गायचो. एकदा त्याने एक अमेरिकन रॉक गाणं ऐकवलं — चांगलं दहा मिनिटांचं! गावातला कारखाना बंद पडतो, माणसं घरं सोडून निघतात, आणि गाणं मात्र चढतच जातं, चढतच जातं. संपलं तेव्हा आम्ही दोघंही उभे होतो.

"अरे, हे तर आमच्या बाबांचं आहे रे," तो म्हणाला.

त्याच्या बाबांची कंपनी बंद पडलेली. पूर्वी दसऱ्याला ते आपल्या मशीनला झेंडूचा हार घालायचे. आता मशीन आत, बाबा बाहेर. तरी दर दसऱ्याला गुपचूप जाऊन गेटच्या कुलपाला हार घालून यायचे. घरी अवाक्षर नाही. संदीपने एकदा मागोमाग जाऊन पाहिलं, आणि त्यावर गाणं लिहिलं — मराठीत, अकरा मिनिटांचं, बाबांना कळू न देता. ठाण्याच्या कार्यक्रमात त्यांना पुढे बसवायचं, आणि गाणं संपलं की संदीपने माइकवर येऊन सांगायचं, बाबा, हे तुमचं. असं ठरलं होतं. मला माहीत होतं — नीट माहीत होतं.

आणि काय रंगलं ते गाणं! आजही अंगावर काटा येतो. शेवटच्या कडव्याला संदीप ड्रमवर असा काही तुटून पडला की सगळा हॉल उभा! "कुलपाला हार, कुलपाला हार" — पाचशे माणसं माझ्याबरोबर गात होती. माझ्याबरोबर! निवेदिका डोळे पुसतच धावत आली. म्हणाली, हे बाबा कोणाचे?

संदीप काठ्या खाली ठेवून उठत होता. मी पाहिलं ना त्याला. पण माइक माझ्या हातात होता.

"माझे," मी म्हणालो.

माझे बाबा? सरकारी कचेरीतून शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेले. दसऱ्याला घरच्या स्कूटरला हार घालायचा, तोही आईच घालायची.

टाळ्या थांबेनात. संदीप परत खाली बसला. आणि मला — कसं सांगू? — मला मजा येत होती.

नंतर त्याचे बाबा मला शोधत आले. वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. चेहरा नुसता फुललेला.

"बाळा, मला वाटायचं, असला वेडेपणा मी एकटाच करतो. तुझ्या बाबांना सांग हां, विठ्ठलवाडीला पण एक जण आहे."

संदीप शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"सांगतो, काका," मी म्हणालो.

आम्ही पुन्हा कधी एकत्र वाजवलं नाही. पण काका होते तोवर दर दसऱ्याला दोन हार घ्यायचे. एक त्यांच्या कुलपासाठी. दुसरा माझ्या बाबांसाठी — तो संदीप माझ्या दारात आणून द्यायचा, मुकाट्याने. मी घ्यायचो. आणि स्कूटरला घालायचो.