भिंतीवरची सोनकी

आमच्या रानफुलांच्या मंडळाला एक खोड होती. मतं मोजायची नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. लोणावळ्यातली आम्ही दहा-बारा माणसं रविवारी डोंगरात फुलं बघत हिंडायचो आणि संध्याकाळी वाचनालयात बसून वाद घालायचो.

त्या पावसाळ्यात वाद एकच होता: चित्रं दाखवायला मंडळानं कुठलं यंत्र घ्यायचं. मॅजिक लँटर्न रॉकेलच्या दिव्यावर चालायची, पण तिला काचेवरची चित्रं लागायची. एपिडायस्कोप कागदावरचं चित्र जसंच्या तसं, रंगांसकट, भिंतीवर मोठं करून दाखवायचा, पण त्याला वीज हवी. एवढंच. यावर आम्ही अख्खा पावसाळा घालवला. ओल्या छत्र्यांचा वास, गार झालेला चहा आणि तेच ते बोलणं आठवलं की मला अजून जांभई येते.

भाऊंना एपिडायस्कोप हवा होता. भाऊ म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दर पावसाळ्यात रानफुलं रंगवायचे. आता डोळे जात चालले होते. कागद नाकाला लावला तरी त्यांना स्वतःचं चित्र धड दिसत नसे. गेल्या साली रंगवलेली सोनकी, डोंगरउतारावरचं ते पिवळंधमक रानफूल, तर त्यांनी निम्मी अंदाजानंच रंगवली होती. "भिंतीएवढं झालं तर दिसेल हो," ते म्हणायचे. "मी काय काढलंय ते एकदा बघायचंय मला."

मळवलीचा एक शेतकरी आमचा सभासद होता. तो म्हणाला, "भाऊ, रागावू नगा. पर आमच्याकडं वीज कुटं हाय? आमच्या पोरांनी कवा बगायचं?"

त्याचं म्हणणं रास्त होतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

शेवटी चिटणिसांनी तोडगा काढला. लँटर्नच घ्यायची, भाऊंच्या सोनकीचा फोटो काढून तो काचेवर उतरवायचा आणि काच पुण्याहून रंगवून आणायची. सगळे भाऊंकडे बघायला लागले. आम्ही सगळे पार कंटाळलो होतो, आणि कंटाळलेल्या माणसांना तोडगा लगेच पटतो. भाऊ म्हणाले, "चालेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाऊस सरल्यावर मळवलीच्या देवळासमोर पहिला खेळ केला. दिवेलागणीला सगळं गाव जमलं. विकत आणलेल्या काचांवरचे हिमालय आणि आगबोटी झाल्या, मग देवळाच्या भिंतीवर सोनकी आली. काळी-पांढरी. काच रंगवून आणायला चिटणिसांना सवड झाली नव्हती, आणि ते भाऊंना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पोरं "सोनकी! सोनकी!" म्हणून ओरडत होती. भाऊ उठून भिंतीजवळ गेले. एकेका पाकळीवरून त्यांची नजर सावकाश फिरत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"आकार बरा साधलाय," ते म्हणाले. मग हळूच, "पिवळा मात्र दिसत नाही. माझ्या डोळ्यांतून गेला म्हणायचा."

मी घाईघाईनं म्हणालो, "भाऊ, काच रंगवलेलीच नाही. रंग नाहीच तिथं."

चिटणिसांनी माफी मागितली. शेतकरी म्हणाला, "व्हय भाऊ, समद्यांनाच करडं दिसतंय."

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या. माझ्यासाठी इतकं खोटं बोलू नका."

रात्रभर मला स्वस्थता नव्हती. सकाळी उठलो तो थेट रानात गेलो, सोनकीची ओंजळभर फुलं खुडली आणि भाऊंच्या ओसरीवर, उन्हात, त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "आता सांगा. रंग कोणता?"

त्यांनी फुलं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"पिवळा," ते म्हणाले. "पण ते मला ठाऊकच आहे ना. दिसतोय की आठवतोय, हे कसं सांगू?"