पाचव्या बत्तीचा कॅमेरा

पत्रू गॅसबत्तीवाल्याला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवताना त्याची मांडी हलायची, झोपेत पाय हलायचे, आणि बत्ती झकास जळत असली तरी हा गडी उठून तिच्यात दोन पंप हवा मारून यायचा. "अरे, जळून राह्यली ना चांगली, काऊन छळतेस तिले?" असं लोक म्हणायचे. पत्रू म्हणायचा, "जळून राह्यली तवाच पाहावं लागते. विझल्यावर पाहून काय करता?" उत्तर बिनतोड होतं. पण खरी गोष्ट अशी की त्याच्या हातांना काही ना काही चाळा लागायचाच.

मूल गावापासून दोन कोसांवर बोरटोल्याला त्याचं घर. धानाची शेती थोरला भाऊ बघायचा, पत्रूकडे पाच गॅसबत्त्या. धान कापून झालं की झाडीपट्टीत मंडया नावाच्या जत्रा भरतात. दिवसा शंकरपटात बैलांच्या शर्यती आणि रात्री दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचं नाटक, तेही उजाडेपर्यंत. दिवाळीपासून होळीपर्यंत पत्रू कुठल्या ना कुठल्या गावात मांडवाला बत्त्या टांगत असायचा. कोणती बत्ती हवा गिळते, कोणत्या बत्तीची जाळी लवकर फाटते, हे तो अंधारात हात लावून सांगायचा. बत्ती किती मेणबत्त्यांच्या ताकदीची, ते तिच्यावर लिहिलेलं असतं, दोनशे किंवा तीनशे. मोठा आकडा, मोठा उजेड. त्याच्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच, आणि त्यात तो पंडित होता.

अशा माणसाची बायको जन्माची रातांधळी निघावी, याला काय म्हणावं! रंभाच्या माहेरच्यांनी लग्न भर दुपारी लावलं आणि जेवणावळ उन्हं असतानाच उरकली. पहिल्या संध्याकाळी ती पाण्याच्या घागरीवर अडखळून पडली, तेव्हा पत्रूला कळलं. तो रागावला नाही. चांद्याला नेऊन डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे जन्मजात आहे, याला औषध नाही. गावाला मात्र आयता विनोद मिळाला. पत्रू दिसला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "दिव्याखाली अंधार!" बारा वर्षं झाली तरी लोकांना त्यात गंमत वाटत होती, आणि बारा वर्षं झाली तरी पत्रूला ते लागत होतं.

रंभा दंडारीला जायची. शेजारची आशाबाई हाताला धरून न्यायची आणि बायांच्या बाजूला बसवायची. ढोलकी, गाणी, संवाद, सगळं ती कानानं प्यायची. पण एकदा काय झालं, राणीचं सोंग घेतलेला लटारू रडत होता आणि सगळ्या बाया एकदम खदखदून हसल्या. रंभाही हसली, पण सगळ्यांनंतर. बत्तीला हवा मारता मारता पत्रूनं ते पाहिलं. इतरांचं हसणं संपत आलं होतं आणि ही एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात बत्त्यांच्या काचा पुसता पुसता तिनं विचारलं, "काल राणी रडत होती तवा बाया काऊन हासल्या?"

"लटारूची वेणी गळून पडली ना! राणीच्या डोक्यावर टक्कल."

मग ती पुन्हा हसली, यावेळी मनापासून. नंतर म्हणाली, "साऱ्या बत्त्या लागल्यावर मांडव कसा दिसते हो?"

"लई झकास."

"झकास म्हंजे कसा?"

हजार रात्री पाहिलेली गोष्ट, पण पत्रूला सांगता येईना. "झकास म्हंजे... झकास," एवढं बोलून तो उठला आणि उगाच रॉकेलचा डबा इकडून तिकडे ठेवून आला. त्या दिवसापासून त्याला चैन नाही. हिला दिवसा तर सगळं दिसतं. मग रात्रच उचलून दिवसा हिच्या हातात दिली तर? म्हणजे फोटो!

आधी त्यानं सोपी वाट पाहिली. राणीचं काम करणारा लटारू गावचा शिंपी. त्याला म्हणाला, दिवसा एकदा रंग लाव, लुगडं नेस, रंभाला पाहू दे. लटारूनं कानाला हात लावले. "नाई पत्रूभाऊ. आमच्या गुरूनं सांगतलं हाय, तोंडाचा रंग सूर्याले दाखवला का पुढच्या साली तो चढत नाई. दिवस उगवाच्या आत आमी सारे धुऊन टाकतो, हे का तुले माहीत नाई?" माहीत होतं. आणि दिवसाचा मांडव तरी काय, चार बांबू, एक विटका पडदा आणि त्याखाली झोपलेलं कुत्रं. जे काही होतं ते रात्रीच होतं.

म्हणून पत्रू छोट्या रेल्वेगाडीनं चांद्याला गेला. जटपुऱ्याच्या वेशीजवळ गुणवंतरावांचं फोटोचं दुकान होतं. नवरदेवांचे आणि शाळेच्या वर्गांचे फोटो काढण्यात त्यांचा हातखंडा. त्यांचा मोठा कॅमेरा तिकाटण्यावर उभा असायचा आणि छपराच्या काचेतून ऊन आलं तरच चालायचा.

"रातीचा फोटो?" गुणवंतराव म्हणाले. "बाबा, रात झोपाले असते."

"माही नसते, भाऊ."

त्यांनी आधी डबा कॅमेरा दाखवला. स्वस्त, दणकट, आपटला तरी काही होत नाही. पत्रूला आवडला. पण गुणवंतराव खरं बोलणारे. "याले एकच डोळा, आन् तोही उघडला का लगेच मिटते. दुपारच्या उन्हात कामाचा." पत्रू परत आला. रात्रभर कूस बदलत राहिला. आठ दिवसांनी पुन्हा गेला. या खेपेला त्यांनी फोटोसाठी उजेड पाडणारा बल्ब दाखवला. तो फटकन पेटतो, दिवसासारखं लख्ख होतं आणि बल्ब कामातून जातो. पत्रूचा चेहराच उतरला. "माह्या बत्त्या लागल्या असताना दुसरा उजेड? मंग तिले काय दाखवू, बल्बाची रात?" गुणवंतरावांना त्याचा राग कळला नाही, पण त्यांनी बल्ब गुमान ठेवून दिला.

तिसऱ्या खेपेला त्यांनी कपाटातून एक चामड्याची डबी काढली. आलापल्लीच्या जंगल खात्यातले एक साहेब नोकरी संपवून जाताना विकून गेले होते. बंद असताना बंडीच्या खिशात बसेल एवढा कॅमेरा. खटका दाबला की भाता पुढे यायचा, हार्मोनियमचा असतो तसा, पण बोटभर. बत्त्या, रॉकेल आणि दोर लादून सायकलवर गावोगाव जाणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! काचेभोवती एक कडं होतं, त्यावर साडेचारपासून बावीसपर्यंत आकडे. वेळेच्या चाकावर एक खूण अशी होती, की तिथे लावलं तर बटण दाबून धराल तोवर डोळा उघडाच राहील.

"हा रातीचं काम करन," गुणवंतराव म्हणाले. "कडं मी साडेचारावर लावून देतो. याले हात लावू नको. कायच्यावर तरी टेकव, पाच आकडे मोज आन् सोड." पत्रू ऐकत होता, पण त्याची बोटं खटक्यावर होती. भाता आत, भाता बाहेर.

गुणवंतरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वरातीला बत्ती हवी होती. पत्रूनं आपली पाचवी बत्ती देऊन कॅमेरा घेतला, आठ फोटोंच्या एका रिळासकट. उजेड पकडायला निघालेला माणूस घरचा उजेड देऊन आला. वाटेत त्याला तीन वेळा वाटलं की आपण फसलो आणि चार वेळा वाटलं की आपण राजा झालो.

रंभानं काचा पुसताना लगेच विचारलं, "एक बत्ती कुठी गेली?"

"दुरुस्तीले," पत्रू म्हणाला आणि तिच्याकडे न पाहता बाहेर गेला.

पूस महिन्यात बोरटोल्याची मंडई आली. त्या रात्री पत्रूनं चार बत्त्या टांगल्या, बैल सोडलेल्या गाडीचं जू बायांच्या बाजूला आडवं ठेवलं आणि त्यावर कॅमेरा टेकवला. दोन हातांवर रंभा आणि आशाबाई बसल्या होत्या. रंभाला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. आधी फोटो हातात पडू दे, मग बोलू, असं त्यानं ठरवलं होतं.

पहिल्या दोन फोटोंना बटण दाबताना कॅमेरा हलला. मग तिसरी बत्ती मंदावली, मांडवातून "बत्ती! बत्ती!" ओरडा झाला, तो धावत जाऊन हवा भरून आला. धापा टाकत कॅमेऱ्याशी वाकला आणि त्याची नजर कड्यावर गेली. साडेचार! तीनशेच्या बत्त्या टांगणाऱ्या माणसानं साडेचारावर भागवायचं? गुणवंतराव दिवसाचा माणूस, त्याला रात्रीचं काय कळतं! पलीकडच्या टोकाला बावीस लिहिलेलं होतं. गुणवंतरावांनी हात लावू नको म्हटलं होतं, हे त्याला आठवलं. पण आकडा मोठा तेवढा उजेड मोठा, हे तर त्याला आयुष्यानं शिकवलं होतं. त्यानं कडं सर्रकन बावीसवर नेलं.

मग त्यानं जीव ओतून सहा फोटो काढले. राणी वनवासात बसून विलाप करते तो प्रवेश आला, लटारू हलेना, ढोलकीही थांबली. पत्रूनं श्वास रोखला आणि पाचाऐवजी सात मोजले. चारही बत्त्या, मधोमध राणी, मागे रंगवलेलं जंगल. सगळं डब्यात बंद झालं, असं त्याला वाटलं. उजाडेपर्यंत त्याचा हात सारखा खिशाकडे जात होता.

चौथ्या दिवशी गुणवंतराव आतल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून. पहिले दोन फोटो हललेले, नुसते पांढरे फराटे. बाकीचे काळेकुट्ट. त्यातला त्यात बरा असा एक त्यांनी कागदावर उतरवला होता. काळ्या चौकोनात चार पांढरे ठिपके, भोवती धूसर वलयं, आणि बस्स. राणी नाही, मांडव नाही, माणसं नाहीत.

"हात लावू नको म्हटलं होतं ना तुले? अरे, इथी उलटं असते. आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान. उजेड आत शिरलाच नाई."

परतीच्या गाडीत पत्रूनं दोनदा तो कागद खिडकीबाहेर धरला आणि दोनदा आत घेतला. बत्ती गेली, रीळ गेलं, आणि हातात आलं काय, तर काजळी! लोक "दिव्याखाली अंधार" म्हणत होते, त्यांना आता पुरावाच मिळाला. आपल्याच बोटांचा त्याला एवढा राग आला की ती त्यानं मांडीखाली दाबून ठेवली.

घरी पोचला तेव्हा भर दुपार होती. रंभा अंगणात धान पाखडत होती. "झाली का बत्ती दुरुस्त?" तिनं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पत्रू ओट्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, बत्ती, कॅमेरा, साडेचार आणि बावीस. "तुले मांडव दाखवाचा होता. नाई जमलं," तो म्हणाला आणि कागद तिच्यापुढे टाकला.

रंभानं हात पदराला पुसले, कागद उचलला आणि उन्हात धरला. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला.

"हे कसं आलं यात?"

"काय?"

"असंच दिसते मले. बिलकुल असंच. चार बत्त्या आन् बाकी काईच नाई."

रात्री हिला सगळाच काळोख दिसत असेल, असं पत्रू बारा वर्षं धरून चालला होता. खरं काय दिसतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"बत्त्या दिसतेत तुले?"

"तेवढ्याच तर दिसतेत. एखादी मंद होते, मंग भडकन वाढते, तवा समजते का तुमी तिथी आहा. रातभर मी तेच पाहून राह्यते." तिनं कागदावरून बोट फिरवलं. "यात तुमी कोणत्या बत्तीजवळ आहा?"

"मी नाई यात," पत्रू म्हणाला. "मी इकडं होतो. बायांच्या बाजूले, तुह्या जवळच."

रंभानं फोटोवरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. "म्हंजे त्या राती तुमी माह्या जाग्यावर बसले होते," ती म्हणाली.