हेल काढून

गेल्या वर्षी, पाऊस सरता सरता, रत्नागिरीच्या आमच्या संगीत विद्यालयात शेवटच्या परीक्षेचं प्रात्यक्षिक झालं. त्यात एका विद्यार्थिनीने बंदिश जशी गायला सांगितली होती त्याच्या बरोबर उलट गायली. मी मागे तंबोऱ्यावर होते.

विद्यालय दोन खोल्यांचं आहे. जांभ्याच्या इमारतीचा वरचा मजला, खाली कापडाचं दुकान. मागच्या खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. भरतीला तो रुंद होतो, ओहोटीला जवळजवळ नाहीसा होतो. विद्यालयाची सुरुवात कधी झाली याबद्दल दोन मतं आहेत. शाळेत गणित शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी घराच्या पडवीत मुलं बसवली तीच सुरुवात, असं काही जण सांगतात. बाकीच्यांच्या मते ती नुसती शिकवणी होती. विद्यालय म्हणायचं ते या जागेत आल्यापासून. कागद कुणाकडेच नाही. गणिताच्या मास्तरांनी घालून दिलेली शिस्त मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. पहिलं वर्ष फक्त सा आणि अलंकार. तंबोरा ज्याचा त्याने लावायचा. दमट हवेत तारा उतरल्या तर पुन्हा लावायचा, आणि त्यात गेलेला वेळ वाया गेला असं म्हणायचं नाही. पेटीला तिसऱ्या वर्षापर्यंत हात लावायचा नाही. आणि कुठलीही बंदिश गाण्याआधी साधी बोलून दाखवायची, शेजारणीशी बोलावं तशी.

या शेवटच्या नियमाने काय होतं ते बाहेरून आलेल्या माणसाला लगेच ऐकू येतं. इथल्या बोलण्यात वाक्याचा शेवटचा स्वर जरा वर जातो, तिथे रेंगाळतो आणि सावकाश खाली येतो. बोलून बोलून हा हेल बंदिशीत उतरतो. दुपारच्या वर्गात पंखा बंद असायचा, तंबोरा चालू. सगळ्यांच्या गळ्यांतून ओळीचा शेवट एकदम वर उचलला जायचा आणि हलकेच खाली यायचा. तेव्हा ती खोली दोराने बांधून ठेवलेल्या होडीसारखी वाटायची.

ती विद्यार्थिनी देवरूखच्या बाजूच्या एका गावातली. आरोग्य केंद्रात कारकून, वय चाळिशीच्या आसपास, भाऊ मुंबईला. घरात गाणं होतं ते जयंतीच्या आणि बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमांतलं, माईक हातात घेऊन ढोलकीवर म्हणायचं. दर शनिवारी ती एसटीने यायची, पाय धुऊन तंबोऱ्यापाशी बसायची. देवरूखला विद्यालयाचा एक वर्ग होता. तिथले शिक्षक मुलाकडे राहायला गेले आणि तो बंद पडला. तिला तो वर्ग चालवायचा होता. गावाकडच्या मुलींना तिच्यासारखी एसटी धरावी लागू नये, असं ती म्हणायची. पण शेवटची परीक्षा पास झालेल्यालाच वर्ग मिळतो, असा नियम आहे, आणि ती आधी एकदा नापास झाली होती. या वेळीही झाली तर देवरूखची खोली शिवणवर्गाला द्यायची, असं कार्यकारिणीने ठरवलं होतं. तिला तसं सांगितलंही होतं.

आमच्या गायनाच्या बाई मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी तिची भीमपलासातली बंदिश पूर्ण ऐकली.

"बसलीय छान," बाई म्हणाल्या. "आता तेवढा हेल काढून गा. मग तुला नापास करायची कुणाची हिंमत नाही."

"पूर्ण काढू?"

"अगं, पूर्णच. अर्धामुर्धा कशाला?"

बाईंच्या मनात होतं, हेल डाग काढतात तसा काढून टाकायचा. ती सूर काढतात तसा काढायला लागली. इथे कुणालाही विचारलं तरी हेल काढणं म्हणजे दुसरं काही असतं असं तो सांगणार नाही. लगोलग बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेल्या आणि तिचा रियाज तबल्याच्या सरांच्या देखरेखीखाली चालला. सर इथलेच.

"काय गो," त्यांनी एकदा ठेका थांबवून विचारलं, "आंबा घाट उतरून आलीस काय समेवर?"

"बाईंनीच सांगितलंनी, सर."

"मग ये उतरून. मी खाली थांबलोय."

त्या पावसाळ्यातले शनिवार मला एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. खिडकीत खाडी दिसायची नाही, नुसतं पांढरं. ओळीच्या शेवटी तिचा आवाज वर जाऊन थांबायचा, इतका वेळ की पुढे काही आहे याचा विसर पडावा, आणि मग षड्जावर यायचा. खाली दुकानात कापड फाडायचा आवाज तेवढ्यापुरता बंद व्हायचा. योगायोग असेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच बाई परत आल्या. काठी घेऊन दाराशी खुर्चीत बसल्या. परीक्षक बाहेरगावचे होते, घसा धरला होता, गरम पाण्याचा पेला समोर. ती गायला लागली. पहिल्या ओळीचा शेवट वर गेला तशी बाईंनी काठी घट्ट धरली. परीक्षकांनी अंतरा होईपर्यंत ऐकून घेतलं, मग हात वर केला.

"ओळीच्या शेवटची ही मींड कुणाकडची?"

"बाईंकडची, सर."

"माझ्याकडची?" बाई दारातून म्हणाल्या. "अगं, मी काय सांगितलं होतं तुला?"

"हेल काढून गा."

"मग?"

"काढला ना, बाई. पूर्ण काढला."

तबल्याचे सर डग्ग्यावर वाकले. त्यांचे खांदे हलत होते. परीक्षकांनी पाण्याचा घोट घेतला.

"ठीक आहे. आता हेल न काढता गा."

"न काढता म्हणजे, असू दे, की..."

"सरळ! सरळ गा हो."

तेव्हा तिला कळलं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. तिने माझ्या हातातून तंबोरा घेतला. पंचमाची तार उतरली होती. ती तिने लावली, पुन्हा ऐकली, पुन्हा जरा चढवली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, तरी तिने घाई केली नाही. मग पदर सावरून तिने बंदिशीची पहिली ओळ साधी बोलून दाखवली. परीक्षकांना हे कशासाठी ते कळलं नसावं. बोलताना शेवटचा स्वर वर गेला, रेंगाळला, खाली आला.

गाताना तो वर गेला नाही. ओळ थेट षड्जावर येऊन थांबली, तशीच पुढची. एकदा सम चुकली. सरांनी ठेका सांभाळून घेतला. बाहेर झडीचा पाऊस होता, तो खोलीत ऐकू येत नव्हता.

दोन्ही गाण्यांपैकी गुण कोणत्या गाण्याला दिले हे परीक्षकांनी सांगितलं नाही. बाईंनी विचारलं नाही.

दिवाळीनंतर निकाल लागला. ती दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झाली. कार्यकारिणीने देवरूखची खोली तिच्या वर्गाला दिली. वर्ग देवदिवाळीनंतर सुरू झाला, शनिवारी दुपारी भरतो, आणि हे लिहीपर्यंत चालू आहे.