दिल्लीच्या उन्हात मुशी

चिंचणीच्या वत्सलाबाईला गप्प बसवणारं माणूस त्या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचं होतं. बोईसरच्या बाजारात तिची पाटी उतरली की शेजारणी आपले भाव आधीच खाली आणून बसत. सरावलीच्या कामगारवस्तीत मासळी विकता विकता ती हिंदीसुद्धा शिकली होती, म्हणजे मराठीच जरा जास्त जोरात बोलायची. अशा बाईला दिल्लीनं आठवडाभरात मुकं करून टाकलं, आणि याचाच तिला संताप होता.

गेली होती ती लेकीच्या बाळंतपणाला. रुचिताचा नवरा दर्पण तिकडे मेट्रोच्या कामावर इंजिनिअर. मुलगी झाली, पण रुचिताला दूध पुरेना आणि बाळ भुकेनं आक्रोश करी. किनाऱ्यावर यावर एकच औषध चालतं, मुशीचं कालवण. मुशी म्हणजे शार्कचीच धाकटी भावंडं. ती बाळंतिणीला चारायची आणि दूध उतरायची वाट बघायची. वत्सलानं निवडक मुशी खारवून, वाळवून, पिशवीत पिशवी घालून आणली होती. ती बॅगेतून काढायच्या आधीच लेकीनं तिचा हात धरला.

"आई, बाहेर काढू नकोस. घरमालकीण वरच राहते. तिला मी सांगितलंय, आम्ही शाकाहारी आहोत. त्याशिवाय कोणी घरच देत नव्हतं."

"शाकाहारी? तू?" वत्सला ओरडली. "अगं, तुज्या घशात अडकलेला पयला काटा मी काडलाय!"

"हळू बोल!"

झालं. तिथून पुढे सगळं हळू. घरमालकीण स्वभावानं वाईट नव्हती. बाळंतिणीसाठी तूप घातलेली पंजिरी स्वतः करून आणायची आणि बाळाची दृष्ट काढायची. त्यामुळे तिच्याशी धड भांडताही येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! पंजिरी संपली, दुधी संपले, पण दूध काही वाढलं नाही.

रविवारी दर्पणनं सासूला दिल्ली दाखवली. लाल दगडाचे किल्ले, उंच दरवाजे, त्यांच्याखालून सुळकन जाणारी मेट्रो. "हजार वर्षं इथं राजधान्या वसतायत, मामी," तो कौतुकानं सांगत होता. "किती राजे आले नि गेले."

"एवडे आले नि गेले," वत्सला पाय चोळत म्हणाली, "नि एका बाळंतिणीला मुशी रांदायला जागा नाय. कसली डोंबलाची राजधानी!"

त्यातच पलंगाखाली कोंडलेली मुशी घामेजली. अशा मुशीला वेळेत ऊन दाखवलं नाही तर आळ्या पडतात. बाल्कनीत घालावी तर वरून घरमालकिणीची नजर. शेवटी वत्सलानं जागा हेरली. गल्लीच्या तोंडाशी एक जुनी कबर होती, पडका घुमट आणि भोवती दगडी ओटा. कोणाची म्हणून विचारावं तर राखणदार सांगे बादशहाची आणि पानवाला सांगे बादशहाच्या न्हाव्याची. ओट्यावर ऊन मात्र असं पडलेलं, की तिला आपल्या किनाऱ्याची आठवण होऊन गलबलूनच आलं. "बाबा, तू कोन असशील तो अस," तिनं हात जोडले, "नातीसाटी जरा जागा दे." आणि मुशी पसरली.

चिंचणीला ती वाळवणावर जुनं जाळं टाकल्याशिवाय कधी उठली नव्हती. इथं तिनं जाळ्याचा विचारही केला नाही. जिथं समुद्र नाही तिथं मासळीवर टपणारी पाखरं कुठली, असा तिचा रोखठोक हिशेब. दिल्लीच्या आभाळात घारींचा केवढा सुळसुळाट असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिली घार आली तेव्हा तिनं चप्पल फेकली. मग आभाळच खाली उतरलं. वत्सला पदर फिरवत, साऱ्या घारींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ओट्यावर नाचली. उरलीसुरली मुशी तिनं ओटीत भरली. पण सगळ्यात मोठा तुकडा घेऊन एक घार उडाली, दुसरीनं तिला गाठलं, आणि त्या झटापटीत तुकडा पडला तो थेट घरमालकिणीच्या गच्चीत.

वत्सला घरी पोचते न पोचते तोच घरमालकीण दारात उभी. हातात वर्तमानपत्र, त्यात मुशी.

"ये किसका है?"

रुचितानं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि मान खाली घातली. वत्सलानं लेकीकडे पाहिलं. हे छप्पर गेलं तर ओली बाळंतीण कुठं जाणार? तिनं ओटी पदरानं झाकली.

"हमको क्या मालूम," ती म्हणाली. "हम लोग तो मच्छी को हात बी नाय लगाते."

बोलून गेली आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. जन्मभर जिच्या जिवावर ताठ मानेनं जगली, तीच मासळी तिनं परक्या दारात नाकारली होती. तिचे डोळे भरून आले.

रुचितानं आईचा चेहरा पाहिला.

"आंटी, ये मेरी माँ की है," ती म्हणाली. "मछली बेचकर इसने मुझे पढ़ाया. झूठ मैंने बोला था."

घरमालकिणीनं वर्तमानपत्राची घडी मुशीवर पुन्हा नीट घातली. मग तिनं पुडकं उंबऱ्यावर ठेवलं. "अगले महीने दूसरा घर देख लेना, बेटी," एवढंच म्हणून ती जिना चढून गेली.

दार लागलं आणि आठवडाभर तुंबलेली वत्सला फुटली. "अवदसे! माज्या आयुष्यातलं सगळ्यात मोटं खोटं बोलले मी तुज्यासाटी, नि तू ते मातीत घातलंस? तेल बी गेलं नि तूप बी गेलं!"

"गेलं ना?" रुचिता डोळे पुसत म्हणाली. "मग आता कालवण टाक. भूक लागलीय."

वत्सलानं बडबडतच मुशी धुतली, बडबडतच कांदा चिरला. फोडणी टाकायच्या आधी ती सवयीनं खिडकी लावायला गेली.

"उघडीच राहू दे, आये," रुचिता म्हणाली.